गरम झाली की तिसऱ्यातच अडकते: जुन्या ऑटोमॅटिकचं दुखणं शोधताना काय काय केलं

आधी गाडीचं सांगतो. २०१० ची पेट्रोल हॅचबॅक, चार गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे क्लच पेडलऐवजी ऑईलमधनं इंजिनची ताकद पोचवणारी) ऑटोमॅटिक, मी तिसरा मालक, घेतली तेव्हा मीटरवर ८६ हजार. बायकोचा डावा गुडघा क्लचला वैतागलेला म्हणून ऑटोमॅटिकच हवी होती आणि नवीन घ्यायची ऐपत नव्हती, एवढंच. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण या वयाच्या कुठल्याही चार गिअरवाल्या ऑटोमॅटिकला हे होऊ शकतं आणि शोधायची पद्धत तीच राहते.

दुखणं असं होतं की सकाळी कोथरूडहून निघालो की गाडी लोण्यासारखी, गिअर कधी पडला ते कळायचं पण नाही. मग नळस्टॉप, डेक्कन, शिवाजीनगर असे सिग्नल खात खात अर्धा पाऊण तास गेला की कुठेतरी नगर रोडच्या आसपास एक सणसणीत झटका, आणि त्यानंतर सिग्नलवरून गाडी उठायचीच नाही, मागून कुणीतरी बंपर धरून ठेवल्यासारखी, पाय निम्मा खाली गेला तरी बैलगाडीच्या चालीनं. मागचे हॉर्न वाजवून शिव्या घालतायत ते वेगळंच. बाजूला घेऊन चावी बंद करायची, दहा सेकंद थांबायचं, परत चालू केली की गाडी एकदम शहाणी. मग पुढचे दोन दिवस काहीच नाही, आणि तिसऱ्या दिवशी परत तेच.

हे चावी बंद करून बरं होणं लक्षात ठेवा, निम्मं उत्तर इथंच आहे आणि मला ते चार महिन्यांनी कळलं. गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटा झिजल्या असतील तर चावी बंद-चालू केल्यानं त्या परत जाड होत नाहीत ना! चावीनं जे बरं होतं ते बहुतेकदा कॉम्प्युटरचं दुखणं असतं, म्हणजे सेन्सर, वायर, कनेक्टर, अर्थिंग, असलं काहीतरी. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला एखादी माहिती मिळेनाशी झाली की तो धोका पत्करत नाही, सोलेनॉइडचा (गिअर बदलणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) करंट सोडून देतो आणि बॉक्स एकाच गिअरमध्ये धरून ठेवतो, माझ्या गाडीत तिसऱ्यात, काही गाड्यांत दुसऱ्यात किंवा चौथ्यात. याला लिंप मोड म्हणतात, लंगडत का होईना घरी पोचा असा हिशोब. म्हणून सिग्नलवरून उठत नव्हती, बिचारी तिसऱ्या गिअरमध्ये उठायचा प्रयत्न करत होती, मॅन्युअल गाडी तिसऱ्यात टाकून सिग्नलवरून काढून बघा म्हणजे कळेल.

पण तेव्हा एवढी अक्कल नव्हती. मी गेलो ओळखीच्या गॅरेजला, तिथल्या मिस्त्रीनं डिपस्टिक काढली, ऑईल तपकिरी दिसलं, म्हणाला साहेब ऑईल कधी बदललंच नाही कुणी, बदलू या. बदललं. आणि दोन आठवडे गाडी खरंच चांगली चालली, मी चार जणांना सांगून पण टाकलं की अरे नुसतं ऑईल होतं. आता कळतंय की तो मे महिना होता, शाळा-कॉलेजं बंद, रस्ते रिकामे, वीस मिनिटांत ऑफिस. झटका यायचा तो अर्ध्या तासाच्या पुढं, तेवढा वेळ गाडी चालतच नव्हती. ऑईलचं श्रेय शून्य.

उलट ऑईल बदलल्यावर एक नवीनच दुखणं सुरू झालं आणि ते मी जुन्यातच धरलं, ही माझी सगळ्यात मोठी चूक. सासरवाडी कराडची, साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढायला लागलो आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम एकदम २५०० वरून ४००० ला पळाला, गाडी मात्र आहे तिथंच, मग धप्पकन गिअर बसला. वळणावर तर जास्तच. आणि सकाळी रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग धक्का. परत आल्यावर मिस्त्रीला सांगितलं तर तो मान हलवून म्हणाला, गिअरबॉक्स गेला, खोलावा लागेल, पन्नास-साठ हजार धरून चाला. गाडी घेतली होती सव्वादोन लाखाला.

त्या रात्री झोप नाही आली म्हणून मोबाईलमध्ये एक नोंद करायला घेतली, आणि पुढचे पाच आठवडे रोज करत राहिलो. तारीख, गाडी चालू करून किती मिनिटं झाली, ऊन की पाऊस, चढ की सपाट, लिव्हर कशात होता, आरपीएम किती, चावी बंद केल्यावर बरं झालं का. बायको म्हणायची एवढी नोंद बाळाच्या लसीची पण ठेवली नव्हतीस. पण त्या नोंदीतनंच स्पष्ट दिसलं की हे एक दुखणं नाहीच, दोन आहेत. एक, तिसऱ्यात अडकणं: फक्त गरम गाडीत, सपाट रस्त्यावर पण, चावीनं बरं होणारं. दुसरं, रेस होऊन स्लिप मारणं आणि सकाळचा उशीर: थंड गाडीत किंवा चढ-वळणावर, चावीशी काही संबंध नाही. गॅरेजमध्ये आपण गाडी झटके देते असं एकच वाक्य सांगतो आणि मिस्त्री पण मग एकच उत्तर देतो.

आता दुसरं दुखणं आधी घेतो कारण ते सोपं निघालं. चुकून जरी कुणी ऑटोमॅटिकचं ऑईल इंजिन ऑईलसारखं बंद गाडीत बघत असेल तर त्याला थांबवा. बहुतेक टॉर्क कन्व्हर्टर बॉक्सला लेव्हल बघायची ती इंजिन चालू ठेवून, पंधरा-वीस किमी गाडी फिरवून ऑईल ७०-८० डिग्रीला आल्यावर, सपाट जागी, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरांतनं एकेकदा फिरवून मग पी (पार्क) मध्ये आणून. माझ्या गाडीच्या पुस्तकात पी च्या ऐवजी एन (न्यूट्रल) लिहिलंय, आणि होंडाच्या बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिकला तर गरम झाल्यावर इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघायची असते, म्हणजे एकाचा नियम दुसऱ्याला लावायचा नाही, आपल्या गाडीचं पुस्तक उघडायचं. पुस्तक नसेल तर पीडीएफ शोधा, बहुतेक गाड्यांची मिळते.

बंद इंजिनवर का नाही, तर इंजिन बंद असताना वरच्या भागातलं ऑईल खाली पॅनमध्ये उतरतं आणि डिपस्टिक भरलेली दाखवते. चालू केलं की पंप ते ऑईल खेचून वर नेतो आणि लेव्हल खाली जाते. मिस्त्रीनं बंद गाडीवर, थंड ऑईलवर, वरच्या खुणेपर्यंत भरलं आणि खूश झाला. मी पुस्तकाप्रमाणे बघितलं तर गरम मापाच्या खालच्या खुणेच्या पण खाली. भरायला पाऊण लिटर लागलं! म्हणजे चढावर-वळणावर ऑईल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढत होता, प्रेशर पडत होतं, क्लच पूर्ण दाबला जात नव्हता. सकाळी थंड ऑईल आकसलेलं म्हणून रिव्हर्सला उशीर. ऑईल टाकलं, त्याच आठवड्यात परत खंबाटकी चढून आलो, काही नाही. साठ हजाराचं काम पाचशे रुपयाच्या ऑईलवर मिटलं, आणि ते दुखणं मुळात आम्हीच तयार केलेलं. बरं, घाबरून जास्त पण ओतू नका हं, लेव्हल वर गेली की आतले फिरणारे गिअर ऑईल घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला प्रेशर येत नाही, म्हणजे परत तेच स्लिप, यावेळी गरम झाल्यावर.

ऑईलचा रंग बघायला टिश्यू पेपर वापरा, डिपस्टिकवर सगळंच काळं दिसतं. टिश्यूवर लालसर किंवा फिकट तपकिरी आणि वास साधा असेल तर नुसतं जुनं आहे. काळपट आणि करपलेला वास, आमच्या आईच्या भाषेत दूध लागल्यासारखा, म्हणजे क्लच प्लेटा जळल्यात. चमचमणारे धातूचे कण बोटाला लागले तर वाईट बातमी. पॅनच्या मॅग्नेटवर बारीक करडी पेस्ट मात्र थोडीफार असतेच, तिला बघून कुणी घाबरवलं तर घाबरू नका. आणि गुलाबी, दुधाळ, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर गाडी आहे तिथं बंद करा, एक किमी पण नको. बऱ्याच गाड्यांत गिअर ऑईलचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो, तो आतून गंजून फुटला की कूलंट आणि ऑईल एक होतं आणि पाण्यानं क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं. आपल्याकडं कूलंटच्या जागी नळाचं, बोअरचं पाणी ओतायची जी सवय आहे तिची ही किंमत. सेकंडहँड गाडी बघताना रेडिएटरचं झाकण, गाडी थंड असताना, उघडून आत गंजाचं चहासारखं पाणी आहे का ते बघा.

ऑईल बदलायचं असेल तर हेही ऐका की ड्रेन नट काढून सगळं ऑईल येत नाही. माझ्या बॉक्समध्ये एकूण सहा लिटरच्या थोडं वर बसतं आणि नटातनं साडेतीन निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून एकदा बदलून निम्म्याहून थोडं जास्त नवीन, मधे काही शे किमी चालवून परत बदललं की ८० टक्क्यांच्या आसपास, तिसऱ्यांदा ९०. मशीन लावून एका दमात फ्लश करायचं म्हणतात ते मी जुन्या, कधीच ऑईल न बदललेल्या बॉक्सला करणार नाही. आणि ऑईलचा ग्रेड डब्यावर लिहिलेला बघूनच घ्यायचा. डेक्सरॉन, एसपी-३, टी-४, डब्ल्यूएस हे सगळे लाल असले तरी एक नाहीत, आणि सीव्हीटीला (ठरलेल्या गिअरांऐवजी बेल्ट-पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) तर तिचं स्वतःचंच फ्लुइड लागतं, तिथं साधं एटीएफ (नेहमीचं ऑटोमॅटिकचं ऑईल) टाकलं तर बेल्ट आणि पुली दोन्हीचं वाटोळं. "सगळ्याला हेच चालतं साहेब" म्हणणाऱ्याकडून डबा घेऊ नका.

आता पहिलं, मूळ दुखणं. ऑनलाइन सहाशे रुपयाचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला, लावला, पी ०७०० असा एकच कोड आला. नेटवर बघितलं तर ट्रान्समिशन फॉल्ट, पोटात गोळा. पण पी ०७०० म्हणजे फक्त एवढंच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार नोंदवलेली आहे, ती काय ते तिकडं जाऊन विचारा. स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलतात. म्हणून एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो ज्याच्याकडे गिअरबॉक्स वाचणारं मशीन आहे, त्यानं तीनशे रुपये घेतले आणि खरा कोड काढला, पी ०७१५, म्हणजे इनपुट स्पीड सेन्सरचं सर्किट. कोड आला की लोक लगेच सेन्सर बदलतात. कोड सर्किट म्हणतोय, सेन्सर नाही, त्यात वायर पण आली, कनेक्टर पण आला.

हा सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो की टॉर्क कन्व्हर्टरमधनं बॉक्सच्या आत येणारा शाफ्ट किती फिरतोय. ते कळलं नाही तर गिअर नीट बसला की घसरतोय हे त्याला समजणारच नाही, मग तो सरळ तिसरा धरतो. आता टेस्ट अशी की पी मध्ये गाडी आयडलला ठेवली की या सेन्सरचा आकडा इंजिनच्या आरपीएमच्या जवळपास यायला हवा, आणि ब्रेक दाबून डी (ड्राइव्ह) टाकला, गाडी जागेवरच, तर शून्य. आम्ही गाडी अर्धा तास फिरवून गरम केली, पी मध्ये ठेवली, मशीनवर आकडा लावून ठेवला, ७४०, ७५०, ठीक. मग त्यानं बोनेटखाली हात घालून बॉक्सकडे जाणारी वायरिंग हळूहळू हलवायला सुरुवात केली, आणि बॅटरीच्या ट्रेच्या खाली एका जागी हात लागला की आकडा शून्य. सोडलं की ७५०. परत धरलं, शून्य. मी तिथंच नाचायचा बाकी होतो.

ट्रे काढला तर खाली आधीच्या कुठल्या तरी मालकाच्या काळात उंदरानं वायर कुरतडलेली, आणि कुणी तरी ती नुसती पिळून वरून काळी टेप गुंडाळलेली. गरम झालं की टेपचा गोंद वितळून चिकट पाणी होतं, पीळ सैल पडतो, थंड झालं की परत टेकतो. वर पावसाळ्यात पाणी मुरून तांबं हिरवं झालेलं. त्यानं कुजलेला तुकडा कापून नवीन वायर सोल्डर केली, श्रिंक स्लीव्ह चढवली, कनेक्टरच्या पिना साफ केल्या, बॅटरीची अर्थिंग घासून घट्ट केली, एकूण सातशे रुपये. सेन्सर तोच, अजून तोच आहे.

वायर सापडली नसती तर मग सेन्सरवर मल्टिमीटर लावला असता. दोन वायरींचा मॅग्नेटवाला सेन्सर असेल तर काही शे ओहम दाखवतो, थंड आणि गरम दोन्ही वेळा मोजायचा, थंडीत बरा आणि गरमीत एकदम तुटलेला दाखवत असेल तर तो गेला. तीन वायरींचा हॉल सेन्सर मात्र असा ओहमवर तपासता येत नाही, त्याला सप्लाय येतोय का आणि सिग्नल येतोय का तेच बघावं लागतं.

आणखी काही दुखणी ओळखायची म्हणून सांगतो, माझ्याकडे नव्हती पण शोधताना एकेक करून वगळावी लागली. ६०-७० च्या स्पीडला हलक्या पायानं चालवताना गाडी रंबलरवरून गेल्यासारखी थरथरत असेल तर कन्व्हर्टरच्या लॉकअपचा (वेग धरल्यावर इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा आतला क्लच) संशय घ्या. सरळ मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायानं ब्रेकला नुसतं टेकवा, लॉकअप सुटतो, थरथर तेवढ्यापुरती थांबली तर तो लॉकअप, नाही थांबली तर प्लग-कॉइलकडे जा, बऱ्याचदा मिसफायर गिअरबॉक्सच्या नावावर खपतो. गाडी पी मध्ये स्टार्ट होत नाही पण एन मध्ये होते, किंवा मीटरवरचं गिअरचं अक्षर मधेच गायब, तर लिव्हरच्या पोझिशनचा स्विच. स्लिप आणि लिंप मोड यातला फरक चालवताना पण कळतो: स्लिपमध्ये आरपीएम वर जातो आणि स्पीड तिथंच, लिंपमध्ये दोन्ही एकमेकाला धरून पण रडत रडत चढतात, आणि माझ्या गाडीत लिव्हर डी वरून २ ला ओढला तरी आरपीएम ढिम्म हलायचा नाही.

स्टॉल टेस्ट नावाचा एक प्रकार आहे, दोन्ही ब्रेक दाबून डी मध्ये फुल्ल रेस द्यायची आणि आरपीएम कुठं थांबतो ते बघायचं. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जास्त गेला तर आत क्लच घसरतोय, फार कमी राहिला तर इंजिन अशक्त किंवा कन्व्हर्टर गेलेला. पाच सेकंदाच्या वर एक क्षण नाही, ऑईल उकळतं. जुन्या गाडीवर मी स्वतः केली नाही आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीसमोर उभं राहून तर कुणीच करू नका. त्यापेक्षा एन मधून डी आणि एन मधून आर (रिव्हर्स) टाकून घड्याळ बघणं बरं, गरम गाडीत साधारण सव्वा ते दीड सेकंदाच्या आत गिअर धरायला हवा.

तुमची गाडी ऑटोमॅटिक म्हणजे नक्की कुठली तेही आधी बघा. आपल्याकडं २०१४ नंतरच्या छोट्या गाड्यांत बहुतेक एएमटी आहेत, म्हणजे साधा मॅन्युअल बॉक्स आणि क्लच दाबायला आणि गिअर टाकायला मशीन, तिथं झटका आला तर क्लच प्लेट आणि ॲक्च्युएटर बघतात, वरचं अर्धं पुराण लागू नाही. आणि बंद पडली तर धक्का मारून टॉर्क कन्व्हर्टरवाली चालू होत नाही, पुढची चाकं जमिनीवर ठेवून दोरीनं ओढत पण न्यायची नाही, इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आतलं सगळं कोरडं फिरतं. फ्लॅटबेडच बोलवा.

दुरुस्तीनंतर सव्वा वर्ष झालं, साडेबारा हजार किमी, एक उन्हाळा, कराडच्या सात फेऱ्या, एकदाही तिसऱ्यात अडकली नाही. त्या मिस्त्रीकडे अजून जातो, ब्रेक आणि सस्पेन्शनला हात चांगलाय त्याचा, फक्त डिपस्टिकला लावू देत नाही. सकाळी रिव्हर्स टाकताना एक हलका ठक असा आवाज अजून येतो, पण तो इंजिनच्या मागच्या माउंटिंगचा, कारण एकानं ब्रेक दाबून आर-डी केलं आणि मी बोनेट उघडून बाजूनं बघितलं तर इंजिन चांगलं दोन बोटं उडतंय. रबर मागवलंय, आलं की बदलतो.